सावकारी पाश : कादंबरीतून पडद्यावर

सोनपेठ हे परभणी जिल्ह्यातील, गोदावरीच्या दक्षिणेस वसलेले, काळ्या जमिनीचे गाव. पाऊस वेळेवर आला तर कापूस, तूर, ज्वारी यांनी शिवार भरून जाते. नाही आला तर त्याच जमिनीला हात हात भेगा पडतात. अशा मुलखात शेतकऱ्याच्या घरी कागद दोन प्रकारचे येतात. एक वाचण्याचा आणि दुसरा अंगठा उठविण्याचा. पहिल्या प्रकारचा कागद पिढ्यानुपिढ्या अनेक घरांत आलाच नाही. दुसऱ्या प्रकारचा मात्र न चुकता आला, आणि आला तो बहुधा जमीन घेऊनच परत गेला. सोनपेठच्या शेतकऱ्याला ही गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. परंतु हीच गोष्ट शंभर वर्षांपूर्वी कोल्हापुरात एका चित्रकाराने पडद्यावर दाखविली, आणि तीही एका शब्दाचा उच्चार न करता दाखविली, हे मात्र आज फार थोड्यांस ठाऊक असते. त्या चित्रपटाचे नाव ‘सावकारी पाश’. तो १९२५ साली प्रदर्शित झाला. दिग्दर्शक होते बाबूराव पेंटर, आणि कथा होती कादंबरीकार नारायण हरी आपटे यांची.

प्रथम त्या काळाचे स्मरण करणे अवश्य आहे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत १९१३ च्या मे महिन्यात लोकांपुढे आला. त्यानंतरची दहाबारा वर्षे पडद्यावर देवांचे आणि राजांचे राज्य होते. राम, कृष्ण, पांडव, सत्यवान–सावित्री यांच्या कथा प्रेक्षकांना आधीच पाठ असत. त्यामुळे चित्रे मुकी असली तरी कोणाचे काही अडत नसे. पडद्यावर धनुष्य दिसताच घरातील आजीबाईही पुढील प्रसंग सांगू शके. शिवाय ज्या चित्रात देव प्रकट होतो, त्या चित्रास जाणे म्हणजे काही अंशी देवदर्शनच होते. अशा प्रेक्षकांपुढे धोतराला ठिगळ लावलेला एक साधा कुणबी आणून उभा करणे हे मोठे धाडसाचे काम होते.

ते धाडस करणाऱ्या बाबूरावांचे मूळ आडनाव मेस्त्री. जन्म १८९० सालचा, कोल्हापुरातला. हात चित्रकाराचा आणि बुद्धी यंत्रज्ञाची. नाटकांचे पडदे रंगविताना ते आणि त्यांचे आतेबंधू आनंदराव पेंटर यांच्या मनात चित्रपट काढण्याचा ध्यास शिरला. विलायती कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून त्यांनी तो घरीच घडविण्याचे ठरविले. आनंदराव १९१६ साली निवर्तले. पुढे बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने तो कॅमेरा पुरा केला. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैशाचे पाठबळ दिले आणि ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ उभी राहिली. तिचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ १९२० साली पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात लागला. तो पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. रंगविलेल्या सपाट पडद्यांऐवजी खांब, कमानी, भिंती प्रत्यक्ष उभारून देखावा सजविणे आणि उन्हावर विसंबून न राहता कृत्रिम प्रकाशात चित्रण करणे, या गोष्टी आपल्याकडे रूढ करणाऱ्यांत बाबूरावांचे नाव अग्रभागी घेतले जाते.

येथे एका घोटाळ्याचा उलगडा करणे बरे, कारण चांगल्या जाणत्या वाचकांकडूनही तो होतो. महाराष्ट्र फिल्म कंपनीने दोन आपट्यांच्या लेखणीचा आधार घेतला आहे. हरी नारायण आपटे (१८६४–१९१९) हे ‘गड आला पण सिंह गेला’ या ऐतिहासिक कादंबरीचे कर्ते. तिच्यावरून बाबूरावांनी १९२३ साली ‘सिंहगड’ हा चित्रपट काढला. नारायण हरी आपटे (१८८९–१९७१) हे त्यांच्याहून एक पिढी लहान असलेले निराळे लेखक. ‘सावकारी पाश’ यांच्या कथेवरचा. पुढे प्रभात कंपनीने १९३७ साली काढलेला ‘कुंकू’ हाही त्यांच्याच ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर उभा होता. नावे उलटसुलट असल्यामुळे धाकट्या आपट्यांचे श्रेय कित्येकदा थोरल्यांच्या पदरात पडते. कर्जाच्या खतात नावांची अशी अदलाबदल झाली असती तर कोणाचे तरी शेत गेले असते. येथे केवळ एका लेखकाचा मान जातो, एवढाच फरक.

कादंबरी आणि मूकपट यांत अंतर मोठे आहे. कादंबरीकाराजवळ शब्दांचा अमर्याद साठा असतो. पात्राच्या मनात काय चालले आहे, हे तो दोन पानेही सांगू शकतो. मूकपटकर्त्यास ती मोकळीक नाही. दोन दृश्यांच्या मध्ये काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत दोनचार ओळी दाखवाव्यात, एवढीच त्याची शब्दसंपत्ती. त्या ओळीही वाचता येणाऱ्यांपुरत्या. चित्रपटगृहात किंवा गावोगावच्या तंबूत एखादा साक्षर मनुष्य त्या मोठ्याने वाची, पेटी-तबला चाले, आणि बाकीचे ऐकत ऐकत पाहत. चित्रफितीच्या एका फुटात सोळा चित्रे मावतात, आणि त्या काळी ती बहुधा सेकंदाला सुमारे सोळा या गतीने फिरविली जात. म्हणजे सेकंदाला एक फूट. हजार फुटांचे एक रीळ या हिशेबाने साडेसोळा मिनिटांहून किंचित अधिक काळ चाले. कथा लांबवायची म्हणजे फीत लांबवायची, आणि फीत लांबवायची म्हणजे पैसा ओतायचा. म्हणून कादंबरीतील जे वर्णन आहे त्याची वस्तू करावी लागे, आणि जो विचार आहे त्याची हालचाल करावी लागे. ‘तो हताश झाला’ हे वाक्य पडद्यावर लिहून भागत नाही. रिकामा गोठा, विझलेली चूल, उंबऱ्यावर बसलेल्या माणसाची वाकलेली पाठ, यांतून ते सांगावे लागते. बाबूराव चित्रकार होते, आणि ‘सावकारी पाश’ हा विषय त्यांच्या हातास लागावा यात म्हणूनच नवल नाही. कारण दारिद्र्य बोलत नाही, ते दिसते.

कथासूत्र थोडक्यात असे आहे. एक तरुण शेतकरी सावकाराच्या कर्जात सापडतो, जमीन गमावतो, आणि अखेर गाव सोडून शहरात गिरणीचा मजूर होतो. शेतकऱ्याचे काम शांताराम वणकुद्रे या तरुणाने केले. पुढे हेच व्ही. शांताराम म्हणून सर्वत्र प्रसिद्ध झाले. ‘सिंहगड’मध्ये त्यांनी शेलारमामाची भूमिका केली होती, दोन वर्षांनी हातातली ढाल-तलवार जाऊन नांगर आला. झुंझारराव पवार व कमलादेवी हेही या चित्रात होते. गोष्टीत राक्षस नाही, शाप नाही, आकाशवाणी नाही. ज्या शक्तीने शेतकऱ्याचा नाश होतो ती एक कागद, एक शाईचा ठसा आणि थोडेसे अंकगणित, एवढीच आहे.

ते अंकगणित समजून घेतल्याखेरीज चित्रपटाचे मर्म कळणार नाही. समजा, एका कुणब्याने बैलासाठी १०० रुपये दरमहा शेकडा २ रुपये व्याजाने घेतले. ऐकताना दर काही भयंकर वाटत नाही. महिन्याला दोन रुपये म्हणजे काय मोठेसे! पण वर्षाचे २४ होतात, आणि तीन वर्षांचे ७२. तीन वर्षे पाऊस धड झाला नाही, व्याज फिटले नाही. सावकार म्हणतो, “पाटील, काळजी करू नका. जुने खत फाडून टाकू, नवे करू.” नवे खत १७२ रुपयांचे होते. आता जे काल व्याज होते ते आज मुद्दल झाले. आणखी तीन वर्षांनी या १७२ वर १२४ रुपयांच्या आसपास व्याज चढते, आणि तिसरे खत २९६ चे होते. पुढील तीन वर्षांच्या अखेरीस आकडा ५०९ वर जातो. नऊ वर्षांत शंभराचे पाचशे नऊ झाले, आणि मधल्या काळात नवा पैसा म्हणून त्या घरात एकही आला नाही.

आपल्याकडे जुन्या धर्मशास्त्रात याला एक बांध घातलेला होता. त्याचे नाव दामदुप्पट. एका वेळी वसूल करावयाचे थकलेले व्याज मुद्दलाहून अधिक असू नये, असा तो नियम. म्हणजे शंभराच्या कर्जात फार तर दोनशे मागता येतील. मुंबई इलाख्यातील न्यायालयेही हिंदूंच्या बाबतीत तो मानीत. मग पाचशे नऊ झाले कसे? खत पालटण्यात सारी मेख आहे. पहिल्या खतात व्याज ७२, मुद्दल १००. नियम मोडला नाही. दुसऱ्यात व्याज १२४, मुद्दल १७२. तेथेही मोडला नाही. तिसऱ्यातही नाही. प्रत्येक कागद स्वतंत्रपणे पाहिला तर निर्दोष, आणि सर्व एकत्र ठेवले तर एका कुटुंबाचा गळफास. ‘पाश’ हा शब्द आपट्यांनी उगाच योजिला नाही. पाशाची एकेक गाठ सुटी पाहिली तर साधीच असते.

या गाठींना कायद्यानेही अप्रत्यक्षपणे हात दिला. १८५९ च्या कायद्याने कर्जाच्या दाव्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू चांगला होता : जुनी-पुराणी खते उकरून कोणी कोणास छळू नये. परिणाम उलटा झाला. दावा तमादी होऊ नये म्हणून सावकार दर तीन वर्षांनी कुणब्याकडून नवे खत लिहवून घेऊ लागला. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) विलायतेस तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा आपल्याकडील कापसास सोन्याचे मोल आले आणि कर्जही सढळ हाताने मिळू लागले. युद्ध संपले, भाव कोसळले, कर्ज मात्र राहिले. त्यात साऱ्याची वाढ झाली. अखेर १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी लोक उठले. हा दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांतील पुष्कळ गावी पसरला. त्यात ध्यानात धरण्यासारखी गोष्ट अशी की, लोकांचा रोख सावकाराच्या जिवावर फारसा नव्हता. त्यांना हवी होती ती खते, आणि हाती लागताच त्यांनी ती जाळली. कागद जाळला म्हणजे पाश तुटतो, ही त्यांची समजूत भाबडी असेल, पण शत्रू कोण हे त्यांनी अचूक ओळखले होते. चौकशी होऊन १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. न्यायाधीशाने खतावर लिहिलेला आकडा मुकाट्याने न मानता व्यवहाराच्या मुळाशी जावे, प्रथम प्रत्यक्ष किती पैसा दिला गेला हे पाहावे, असा अधिकार त्याने दिला.

हा कायदा इंग्रजी मुलखाचा. सोनपेठ त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तेथेच राहिले. कायदे निराळे, नाणे निराळे, पण शेकडा दोनचा हिशेब सीमेवर थांबत नाही. उलट मराठवाड्यात एक अडचण अधिक होती. संस्थानच्या कचेऱ्यांची आणि न्यायालयांची भाषा उर्दू होती. मराठी कुणब्याला मुळात अक्षरओळख नाही. आणि एखाद्याला बाळबोध वा मोडी लिपी येत असली तरी सरकारी कागदापुढे तोही निरक्षरच ठरे. आपल्याविरुद्ध काय लिहिले आहे, हे त्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागे. मूकपटाच्या तंबूत पाट्या वाचून दाखविणारा मनुष्य आणि कचेरीच्या ओट्यावर कागद वाचून दाखविणारा मनुष्य, या दोघांवर त्याला सारखाच विश्वास टाकावा लागे. पहिल्याने चुकीचे वाचले तर करमणुकीत बाध येई. दुसऱ्याने वाचले तर वाडवडिलांची जमीन जाई. बरे, संस्थानात कोणते चित्र लोकांनी पाहावे, हेही दरबाराच्या मर्जीवर अवलंबून असे. धीरेंद्रनाथ गांगुली या बंगाली दिग्दर्शकाने हैदराबादेत चित्रपटसंस्था काढली होती. १९२४ साली ‘रझिया बेगम’ हे चित्र दाखविल्याबद्दल दरबाराची गैरमर्जी होऊन त्यांना संस्थान सोडावे लागले.

‘सावकारी पाश’ला इंग्रजी नाव देण्यात आले ते ‘द इंडियन शायलॉक’. हे नाव शाळेत शेक्सपिअर शिकलेल्या शहरी प्रेक्षकांसाठी असावे हे उघड आहे. परंतु किंचित विचार केला तर या नावात एक विरोध दडलेला दिसतो. शेक्सपिअरच्या नाटकात शायलॉक खत घेऊन न्यायालयात जातो आणि तेथे त्याचा पराभव होतो. खतात मांस लिहिले आहे, रक्त लिहिलेले नाही, या युक्तिवादाने ऋणको सुटतो. आपल्या कुणब्याच्या वाट्याला अशी चतुर पोर्शिया येत नाही. तेथे कायद्याच्या अक्षराने ऋणकोला वाचविले. येथे तेच अक्षर त्याला बुडविते.

याच सुमारास अमेरिकेतही पैशाच्या पाशावर एक मूकपट निघाला होता, आणि तोही कादंबरीवरूनच. फ्रँक नॉरिस यांची ‘मॅकटीग’ ही कादंबरी १८९९ सालची. एरिक फॉन स्ट्रोहाइम या दिग्दर्शकाने तिच्यावरून ‘ग्रीड’, म्हणजे ‘लोभ’, या नावाचा चित्रपट काढला. तो १९२४ च्या डिसेंबरात प्रदर्शित झाला. सान फ्रान्सिस्कोतील एक दंतवैद्य, त्याची पत्नी आणि तिला सोडतीत लागलेले ५००० डॉलर, एवढ्यावर कथा उभी आहे. पैसा येतो आणि माणसे एकमेकांस पारखी होत जातात. अखेरीस दंतवैद्य ‘मृत्यूचे खोरे’ या नावाच्या भयाण वाळवंटात, मेलेल्या शत्रूच्या हाताशी बेडीने जखडलेला, पाण्यावाचून एकटा उरतो. स्ट्रोहाइम यांनी कादंबरीचे एकही पान सोडावयाचे नाही असा हट्ट धरला. त्यामुळे चित्र प्रथम सुमारे ४२ रिळांचे, आठ तासांहून अधिक लांबीचे झाले. कंपनीने ते कापून दहा रिळांवर आणले, आणि कापलेला भाग कायमचा नाहीसा झाला.

या दोन चित्रांची तुलना बोधप्रद आहे. ‘ग्रीड’मधील माणसे पैसा मिळाल्यामुळे बुडतात, ‘सावकारी पाश’मधील माणूस पैसा नसल्यामुळे बुडतो. अमेरिकन कादंबरीकाराच्या दृष्टीने दोष माणसाच्या स्वभावात, त्याच्या लोभात आहे. मराठी कथेत मात्र शेतकरी लोभी नाही, व्यसनी नाही, उधळ्याही नाही. दोष व्यवहाराच्या रचनेतच आहे. म्हणून ‘ग्रीड’ पाहून प्रेक्षक स्वतःला बजावू शकतो की, मी असा होणार नाही. ‘सावकारी पाश’ पाहणाऱ्या शेतकऱ्याला तसा दिलासा मिळत नाही. तो काहीही झाला तरी पाऊस त्याच्या हातचा नाही.

दोन्ही चित्रांचे नशीब मात्र सारखेच ठरले. प्रेक्षकांनी दोहोंकडेही पाठ फिरविली. ‘सावकारी पाश’ जाणत्यांनी वाखाणला, परंतु गल्ला जमला नाही. याबद्दल त्या काळच्या प्रेक्षकांस अरसिक ठरविणे अन्यायाचे होईल. दिवसभर ज्या दुःखात राबायचे तेच दुःख संध्याकाळी चार आणे मोजून पाहावयास मनुष्य सहजासहजी जात नाही. शहरातील मध्यम वर्गाला शेतकऱ्याच्या खताशी कर्तव्य नव्हते, आणि शेतकऱ्याला ते खत विसरावयाचे होते. बाबूरावही पुढे पुन्हा पौराणिक आणि ऐतिहासिक कथांकडे वळले. १९२९ साली दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम ही मंडळी महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडली आणि त्यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्या भांडवलावर ‘प्रभात’ची स्थापना केली. शेतकऱ्याची भूमिका केलेल्या शांतारामांनी पुढे ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ असे सामाजिक चित्रपट काढले. बी एका शेतात पेरले गेले आणि पीक दुसऱ्या शेतात आले, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

बाबूरावांच्या मनातून मात्र हा विषय गेला नाही. १९३१ साली ‘आलम आरा’ने आपल्याकडे बोलपटाचे युग सुरू केले. त्यानंतर पाच वर्षांनी, १९३६ साली, त्यांनी कोल्हापुरातील शालिनी सिनेटोनतर्फे ‘सावकारी पाश’ हाच चित्रपट बोलता केला. त्यातील एका दृश्याची आठवण चित्रपटनिर्माते जे. बी. एच. वाडिया यांनी पुढे फार गौरवाने नमूद केली आहे. अंधूक प्रकाशात दूर एक उदास झोपडी दिसते आणि एका कुत्र्याचे रडणे तेवढे ऐकू येते. दुसरा आवाज नाही. ध्वनीची सोय हाती आल्यावर पात्रांना भरमसाट बोलावयास लावण्याचे ते दिवस होते. अशा वेळी मूकपटात मुरलेल्या या चित्रकाराने ध्वनीचा उपयोग केला तो शांतता ऐकविण्यासाठी, यातच त्यांची योग्यता दिसून येते.

१९२५ चा मूळ मूकपट आज पाहावयास मिळत नाही. त्या काळची चित्रफीत नायट्रेटची असे. ती झटकन पेट घेई, आणि पेटली नाही तरी काही वर्षांनी आपोआप कुजून तिची भुकटी होई. शिवाय तिच्यात थोडी चांदी असे. जुनी चित्रे निरुपयोगी झाली म्हणजे ती चांदी काढून घेण्यासाठी विकली जात. आपल्या देशात सुमारे १३०० मूकपट निघाले असे मानतात. त्यांतील पूर्ण वा अंशतः उरलेले तिसांच्या आतच आहेत. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली. तोवर पुष्कळ गोष्टी मातीत मिळून गेल्या होत्या. दैवाचा खेळ असा की, ज्या खतांनी शेते गिळली त्यांतील कित्येक दप्तरखान्यांत अद्याप सुरक्षित आहेत. त्या खतांविरुद्ध साक्ष देणारे चित्र मात्र उरले नाही.

साक्ष नाहीशी झाली म्हणून खटला संपला असे मात्र नाही. रिझर्व्ह बँकेने १९५१–५२ साली केलेल्या ग्रामीण पतपाहणीत असे आढळले की, शेतकऱ्यांच्या कर्जापैकी सुमारे ७० टक्के भाग सावकारांकडून येत होता, आणि सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के होता. त्यानंतर सोसायट्या वाढल्या, जिल्हा बँका झाल्या, राष्ट्रीयीकृत बँकांच्या शाखा तालुक्याच्या गावांपर्यंत आल्या. तथापि बँकेचे कर्ज पिकासाठी मिळते. मुलीचे लग्न, रात्रीचे आजारपण, मेलेला बैल, यांसाठी मिळत नाही, आणि तेव्हा माणूस जुन्याच उंबऱ्यावर जातो. पाशाचे रूपही बदलले आहे. परवाना नसलेला सावकार आता कर्जाचे खत लिहवून घेतच नाही. तो दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन जमिनीचे सरळ खरेदीखतच करून घेतो आणि तोंडी सांगतो की, पैसे फेडले की जमीन उलट नावावर करून देईन. कागदावर कर्ज नाही, व्याज नाही. आहे ती केवळ विक्री. शंभर वर्षांपूर्वी तीन खते लागत होती, आता एकच पुरते.

हे ओळखूनच महाराष्ट्रात १९४६ चा जुना कायदा रद्द होऊन २०१४ साली सावकारी नियमनाचा नवा कायदा आला. अवैध सावकारीपोटी बळकावलेली स्थावर मालमत्ता, चौकशीअंती, जिल्हा निबंधकाच्या आदेशाने मूळ धन्याला परत मिळू शकते, अशी त्यात तरतूद आहे. १८७९ च्या कायद्यातील तत्त्वच येथे पुन्हा दिसते : कागदावर काय लिहिले आहे एवढेच न पाहता त्यामागे काय घडले ते पाहावे. मात्र त्यासाठी शेतकऱ्याने अर्ज करावा लागतो, आणि अर्ज करण्यापूर्वी असा कायदा आहे हे त्याला माहीत असावे लागते. ज्या घरांत वर्तमानपत्र येते, कायद्याची पुस्तके कपाटात असतात, त्या घरांतील मंडळींनी आपल्या शेतावर वा घरी कामास येणाऱ्या माणसाला ही एवढी माहिती सांगितली, आणि अंगठा उठविण्यापूर्वी त्याचा कागद एकदा वाचून दाखविला, तर त्यास खर्च काहीच नाही.

‘सावकारी पाश’चा नायक जमीन गमावल्यावर शहराच्या गिरणीत गेला. मुंबईच्या त्या गिरण्यांचे भोंगे आता थांबले आहेत; पण वाट थांबलेली नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड-परभणीकडील गावांतून ऊसतोडणीस जाणाऱ्या कुटुंबांच्या गाड्या आणि ट्रक भरू लागतात. नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, आणि हंगामापूर्वीच मुकादमाकडून ‘उचल’ घेतलेली असते. ती फिटेपर्यंत ऊस तोडायचा. फिटली नाही तर पुढल्या वर्षी पुन्हा जायचे; या वर्षीची बाकी पुढल्या वर्षीच्या हिशेबात मांडली जाते. खत पालटण्याची जुनी रीत ती हीच. या गाड्यांतील कित्येक सांगली आणि कोल्हापूरकडे जातात, जेथे बाबूरावांनी तो शेतकरी पडद्यावर उभा केला होता. मागे सोनपेठच्या बाजूच्या वाड्या-तांड्यांवर म्हातारी माणसे आणि शाळेची मुले उरतात. त्या मुलांपैकी एखादे शेकडा दोनचा हिशेब तीन वर्षांपर्यंत न चुकता करू लागले आणि बापाच्या हातातला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचू लागले, म्हणजे त्या हरवलेल्या मूकपटाला उशिरा का होईना, वाचा फुटली असे समजावयास हरकत नाही.